उजवीकडचा पडदा

"माणूस खुर्चीत मरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसरा बसवतात. हे करणाऱ्यांना झोप लागते, बरं का. झकास लागते."

एवढं बोलून दत्तारामकाकांनी गच्चीवरचा दिवा घालवायला सांगितला. मुलं सरकून जवळ बसली. मग काकांनी त्यांच्या भाच्याची, मुलुंडच्या देवेशची गोष्ट काढली.

देवेश फिल्म एडिटर. लॅपटॉप होता, पण त्याचा पडदा वहीएवढा. म्हणून साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून त्याने एक जुना कॉम्प्युटर आणला. पडदा आणि यंत्र एकाच खोक्यात असतं ना, तसला. यावर काम करता करता एक एडिटर खुर्चीतच मेला, जागरणाच्या सलग तिसऱ्या रात्री, असं भंगारवाला सहज बोलून गेला. देवेश म्हणाला, मला काय, फक्त पडदा हवाय. मेकॅनिककडून त्याने आतलं सगळं काढून घेतलं, हार्डडिस्कसुद्धा, आणि लॅपटॉपची वायर जोडता येईल असा बोर्ड बसवला.

तेवीस जानेवारी, गुरुवार. रात्रीचे अडीच. सकाळी नऊला माहितीपट द्यायचा, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं मालकाने कळवलेलं. घरात कमावता तो एकटाच. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे जुना पडदा. डोळे मिटायला लागले तसा त्याने माऊसवरचा हात काढला.

उजव्या पडद्यावरचा बाण हलतच राहिला.

एक शॉट कापला. पुढचा जोडला. देवेशपेक्षा सफाईने.

त्याने माऊसची बॅटरी काढली. बाण थांबला नाही.

कट... पुन्हा कट...

दीड तास तो नुसता बघत बसला. मग बाण थांबला. एक रिकामी चौकट उघडली. तीत अक्षरं उमटली.

'निघू का?'

काका मुलांकडे वळले. ऑफिसात सगळेच विचारतात रे, म्हणाले. विचारल्याशिवाय कोणी उठत नाही.

देवेशला कळलं, विचारणारा कोण ते. 'हो' एवढंच लिहायचं होतं. त्याने बोटं की-बोर्डवर ठेवली... घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. अजून अकरा मिनिटांची फिल्म कापायची होती.

त्याने लिहिलं, 'थोडं थांब.'

चौकट आपोआप मिटली...

मग बाण हलला.

साडेसातला फिल्म पुरी झाली. देवेशने वायर खेचली, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि धावत सुटला. 'हो' लिहायचं राहूनच गेलं.

ऑफिसात मालकाने फिल्म शेवटपर्यंत पाहिली. पसंत पडली, नोकरी राहिली. शेवटी नावं वर सरकू लागली. 'संकलन' या शब्दाखाली देवेशचं नाव आलं. त्याच्या खाली आणखी एक... 'किरण.'

देवेशने ते लिहिलं नव्हतं. या नावाचं कोणी त्याच्या ओळखीतही नव्हतं. त्या मेलेल्या एडिटरचं नाव तर त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मालकाची असिस्टंट मानसी मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली, "हा किरण कोण? आपल्याकडे नाही ना कामाला? मग काढ ते नाव."