बंद नळीतली हवा

भर दुपारी घडलं हे. अंधाराला तरी दोष कसा देऊ?

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या माळावर, जमिनीखालच्या बोगद्यात आमच्या प्रयोगशाळेचं पोलादी नळीचं कडं होतं. त्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत ठेवायचे. वाटेत हवेचा कण आडवा आला की ते भरकटतात. म्हणून नळी तापवून, पंप लावून आतली हवा पार उपसून काढायची. हे काम मला थोराने शिकवलं. साठीची बाई, जीभ मात्र तिखट.

त्या दिवशी नळीच्या एका भागात दाब उतरेना. थोराने आणलेल्या पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाऊन आम्ही खाली गेलो.

"पेरोगी जास्त झाल्या वाटतं, ओरेस्ट. धापा टाकतोयस."

"तूच वाढल्यास ना!"

मी एकेका सांध्यावर हेलियम फवारला; फट असती तर तो आत शिरून यंत्रावर दिसला असता. गळती कुठेच नव्हती. तरी दाबाचा काटा सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा. पंपांची घरघर तेवढी ऐकू येत होती. तापलेल्या धातूचा वास घशाशी बसत होता.

थोराने आतला वायू तपासला. "वाफ… आणि कार्बन डायऑक्साइड." ती हसली नाही. "हा तर श्वास आहे रे."

मी माझा श्वास रोखला. काटा हलतच राहिला.

मग तिने रोखला.

काटा थांबला.

तिने सोडला… काटा चढला. तिने पुन्हा रोखून पाहिला. पुन्हा तेच. तिचे ओठ निळसर पडत चालले होते.

"ओरेस्ट… माझा श्वास ओढतंय ते. पंप बंद कर."

मी धावत जाऊन सगळे पंप बंद केले. आता दाब वाढायला हवा होता. काटा मात्र खाली घसरत गेला, आम्ही कधीच न पाहिलेल्या तळाला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

बोगद्यात चिडीचूप.

"थोरा?"

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "एकदम हलकं. चल, वर जाऊ."

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. ऊन होतं, पण थंडी हाडं फोडणारी. माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. गाडीपर्यंत थोरा अखंड बोलत होती, मला चिडवत होती, मोठ्याने हसत होती.

तिच्या तोंडासमोरची हवा मात्र स्वच्छ होती.