परतीची नळी

थोरल्याचा ट्रक विकायचा ठरला तेव्हा त्यात एकच खोट निघाली. केबिनचा हीटर गरम होत नव्हता.

बाकी गाडी वयाच्या मानाने ठणठणीत होती. गोल नाकाचा, मधोमध पट्टी असलेल्या दुहेरी काचेचा तो ट्रक आता रस्त्यावर कुठे दिसायचा नाही. धाकट्याने, म्हणजे थोरल्याच्या पाठच्या भावाने, तो आपल्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये जपून ठेवला होता. अधूनमधून इंजिन चालवायचं, चाकं जागची हलवायची, गंज दिसला की घासायचा. गाडी सांभाळतोस की भावाला, असं लोक विचारायचे. तो हसून सोडून द्यायचा.

थोरल्याचं काय झालं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे खरं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐन हिवाळ्यात माल घेऊन वरच्या खिंडीतून येताना तो बर्फात अडकला. रस्ता मोकळा करून माणसं पोचली तेव्हा ट्रक कडेला नीट लावलेला होता, टाकीतलं डिझेल संपलेलं होतं, दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं आणि थोरला नव्हता. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. पायातला बूटही सापडला नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या, लोकांचे कपडे शिवायच्या. रडताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर "हे अजून आले नाहीत," एवढंच म्हणायच्या, जणू थोरला बाजारात गेलाय आणि वाटेत कुणी बोलायला भेटलं असेल.

गावातल्या दातांच्या डॉक्टरला जुन्या गाड्यांचं वेड होतं. कितीतरी वर्षं तो ट्रकच्या मागे होता. या उन्हाळ्यात वहिनी अचानक म्हणाल्या की देऊन टाका. सुईत दोरा ओवायला आता वेळ लागतो, आपल्यामागे गाडी भंगारात जाण्यापेक्षा हौसेच्या माणसाकडे गेलेली बरी. डॉक्टरची अट एकच होती, गाडीतली प्रत्येक वस्तू चालू हवी. भर उन्हाळ्यात हीटर कशाला, असं धाकट्याने विचारलं तर तो म्हणाला की दुखत नाही म्हणून मी कीड तशीच ठेवतो का?

धाकट्याला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटलं. हीटरमध्ये असतं काय? इंजिनचं तापलेलं पाणी एका नळीने डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत येतं, पंखा त्या जाळीवरून हवा फुंकतो आणि पाणी परतीच्या नळीने इंजिनकडे जातं. त्याने पाण्याची पातळी पाहिली, पाण्यात अडकलेली हवा काढली, थर्मोस्टॅट बदलला. इंजिन तापल्यावर दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. आत जाणारी नळी हात भाजेल इतकी गरम होती. परतीची गारठलेली होती.

जाळी तुंबलीय, असं कुणीही म्हटलं असतं. त्याने ती उतरवून धुतली. पाणी अडत नव्हतं. बाकावर ठेवून तिच्यातून उकळतं पाणी सोडलं तर जाळी चटका बसेल इतकी तापली. पुन्हा गाडीत बसवली, पुन्हा तेच. शेवटी परतीची नळी सोडून त्याने बादलीत धार धरली. धार जोरकस होती, पण पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. म्हणजे पाणी आपली ऊब त्या जाळीत कुठेतरी ठेवून येत होतं. आणि केबिनमध्ये हवा येत होती ती बोचरी थंड.

बाहेर ऊन रणरणत होतं. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. हवा ओढायच्या तोंडात त्याने चिंध्या कोंबल्या. तरी डॅशबोर्डवरच्या झडपांतून वारा येतच राहिला. त्याला एक वास होता, तो धाकट्याला ओळखता येत होता पण त्याचं नाव घ्यावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी गाडीतलं काही राहिलंय का बघायला आल्या आणि शेजारच्या सीटवर चढून बसल्या. इंजिन चालू होतं. धाकटा आपलं रडगाणं सांगत होता. त्यांनी दोन्ही हात झडपेसमोर धरले.

"बर्फाचा वास आहे हा," मग म्हणाल्या.

धाकट्याने मान डोलावली.

"आणि ऊब? ती जाते ना कुठेतरी?"

"जाते, वहिनी. कुठे ते कळत नाही."

"ह्यांना थंडी सोसत नाही, भाऊजी. जाऊ द्या ती. इंजिन बंद करू नका."

धाकटा यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस होता. म्हातारपण आलं, असं तो मनात म्हणाला. पण चावीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

तेव्हापासून वहिनी रोज दुपारी येऊ लागल्या. अंगावर शाल, मांडीवर शिवण. धाकटा इंजिन चालवून द्यायचा आणि पुढे गॅरेजमध्ये आपल्या कामाला लागायचा. डॉक्टरला त्याने सांगितलं की एक सुटा भाग मागवलाय. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान लाल झाले.

हळूहळू वास बदलला. बर्फ विरळ झालं आणि त्यात चिकाचा उग्र गंध मिसळला, खिंडीखाली देवदारांचं रान आहे तिथे येतो तसा. मग ओल्या दगडांचा आणि शेवाळ्याचा. तिथे रस्त्याला नदी भेटते. धाकट्याने त्या रस्त्यावर थोरल्याच्या शेजारी बसून लहानपण काढलं होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं कसं ऐकायचं, हे थोरल्याने त्याला त्याच नदीकाठी शिकवलं होतं. डोळे मिटले तर वळण न् वळण सांगता आलं असतं. आता तोही हातातलं काम टाकून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसायला लागला. झडपेतून भिजलेल्या लोकरीचा वास यायचा.

एकदा इंजिन फार थंड पडतंय असं वाटून त्याने वहिनींना न सांगता बॉनेटखालचा, हीटरकडे पाणी सोडणारा कॉक बंद केला. केबिनमधून वहिनींचा शांत आवाज आला.

"उघडा, भाऊजी. थांबलेत ते."

त्याने कॉक उघडला. पुन्हा कधी बंद केला नाही.

एका दुपारी ताज्या भुशाचा वास आला. वहिनींनी शिवणावरून मान वर केली नाही.

"वखार आली," म्हणाल्या.

लाकडाची वखार गावाच्या वेशीवर होती.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. धाकट्याने इंजिन चालू केलं आणि शेजारी बसला. थोडा वेळ नुसतीच हवा आली, ना थंड ना गरम, कसलाही वास नसलेली.

मग ती गरम झाली.

धाकट्याला हसू फुटलं. उडी मारून त्याने बॉनेट उघडलं. परतीची नळी गरम होती, अगदी पुस्तकात लिहितात तशी. डॉक्टरला आजच बोलवू, असं म्हणत तो परत केबिनमध्ये चढला आणि वहिनींचा चेहरा पाहून थबकला.

गरम हवेला डांबरगोळ्यांचा वास होता.

"माझं कपाट आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचे गरम कपडे त्यात आहेत. वर्षानुवर्षं मी ते उघडलेलं नाही."

"घरी कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप घालून आलेय."

त्यांनी शिवणाची घडी केली, सुई कापडात खोचली. आरशात पाहून कपाळावरचे केस मागे सारले. धाकटा म्हणाला की मीही येतो.

"नको. तुम्ही इथेच थांबा. इंजिन चालू राहू द्या."

त्या उतरल्या. एवढ्या भरभर चालताना त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तो झडपेजवळ तोंड नेऊन बसला. बऱ्याच वेळाने डांबरगोळ्यांच्या वासात दुसरा एक वास मिसळला. वहिनी केसांना माक्याचं तेल लावायच्या. त्या घरी पोचल्या होत्या.

त्याला जावंसं वाटलं. पण तो जागचा उठला नाही. आपल्याला बोलावलेलं नाही, हे त्याला आतून कळलं होतं, आणि तेच मनाला फार लागलं.

ऊन उतरल्यावर मात्र त्याला राहवेना. इंजिन बंद करून तो दोन गल्ल्या ओलांडून गेला. दार लोटलेलं होतं. कुलूप कडीला उघडं लटकत होतं. कपाटाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे होते. थोरल्याचा जाड कोट नव्हता, वहिनींची शाल नव्हती, वहिनी नव्हत्या. जमिनीवर, दारापासून कपाटापर्यंत, पाण्याचे छोटे छोटे थेंब पडले होते. ते अजून वाळले नव्हते.

लोकांनी शोधलं. पोलिसांनी विचारपूस केली. धाकट्याने जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दुपारी तो ट्रकमध्ये बसला आणि नुसता पंखा लावला. भुशाचा वास आला. पुढे काही दिवसांनी नदीचा, मग देवदारांचा. प्रत्येक वासात माक्याचं तेल होतं. आणि एका दुपारी, पत्रा तापून वाजत असताना, झडपेतून बर्फ आलं.

डॉक्टर विचारायला आला तेव्हा गाडी विकायची नाही, असं धाकट्याने सांगून टाकलं. कारण सांगितलं नाही. डॉक्टर गेल्यावर त्याने टाकी काठोकाठ भरली, इंजिन सुरू केलं, हीटरचा कॉक पूर्ण उघडला आणि परतीच्या नळीवर हात ठेवला.

पूर्वी ती गार पडायला थोडा वेळ लागायचा. आता त्याने हात ठेवला तेव्हाच तिच्यावर पांढरं हिम धरलं होतं.