अंगठा ठेवा, काकू

तोरणमाळच्या दरीवरून तारेला लटकून पलीकडे जायचं, तर आधी साकळमापीवर अंगठा ठेवावा लागे. सुई नाही, टोचणं नाही. रक्त साकळायला किती वेळ लागेल हे ती चपटी काच कातडीवरूनच सांगायची. हिरवा दिवा लागला की पट्ट्याची कडी उघडायची. लाल लागला की संपलं. मग तुम्ही कुणीही असा, बसा खाली.

शलाका सकाळपासून त्या काचेवर डोळा ठेवून होती, पण स्वतःसाठी नव्हे. तिच्या निहारला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त साकळायला लागणारा एक घटक त्याच्या अंगात पुरेसा तयारच होत नसे. साधा गुडघा आपटला तरी आतल्या आत रक्त साठून टम्म फुगायचा. आता त्याच्या दंडात, कातडीखाली, तांदळाएवढी कुपी होती. ती तो घटक हवा तेवढा सोडत राही. तरी आईचं मन! बाविसाव्या वर्षी पोरगं पहिल्यांदा असल्या सहलीला निघालं, तर ही बाई बरोबर आलीच.

"आई, आता तरी हात सोड," निहार म्हणाला. रांगेतली पोरं हसली.

त्याने अंगठा ठेवला. हिरवा! शलाकाला रडूच यायचं बाकी होतं.

"आता तुम्ही, काकू. अंगठा ठेवा," तारेपाशी उभी असलेली रमिला म्हणाली. "जोडीनंच सोडते तुम्हाला."

शलाकाने अंगठा ठेवला. लाल.

"अगं बाई, बिघडलं वाटतं हे." तिने अंगठा ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"काकूंना काय झालंय?" मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

रमिलाने तिला बाजूला घेतलं. "पाळीत फार जातं का हो?" तिने हळूच विचारलं, पण निहारच्या कानावर गेलंच.

काय सांगणार? कायम गडद कपडे घालायचे, लग्नाकार्यात खुर्चीवरून सगळ्यांच्या शेवटी उठायचं, आणि बायकांना होतंच म्हणून गप्प बसायचं. निहारच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलंही होतं, आजार तुमच्याकडून त्याच्याकडे आलाय, तुम्हालाही त्रास असू शकतो, तपासून घ्या. ती गेलीच नाही. दोष आपलाच, हे पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं तिला.

"तू कधी तपासलंच नाहीस?" निहारचा चेहरा उतरला. "मला साधं सायकलवर बसू दिलं नाहीस, आणि स्वतः..."

"लाज वाटायची रे."

"माझी?"

"नाही रे राजा! माझी मलाच."

 मग त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "चल, सावलीत बस. हलू नकोस. पडलीस-बिडलीस तर काय करायचं? तारेचं राहू दे, पुन्हा कधीतरी बघू."

हे तर तिचेच शब्द होते. सहलीच्या बस निघून जायच्या, खाली क्रिकेट रंगायचं, आणि गॅलरीत उभ्या पोराला ती हेच सांगायची. वर त्यालाच माया म्हणायची. ऐकणारा किती एवढासा होतो, हे तिला आज कळलं. शरमेने तिची मान वर होईना.

"यावर काही औषध नाही का गं?" शेवटी तिने रमिलाला विचारलं.

"असतं की. वरच्या दवाखान्यातल्या बाई तुमच्या डॉक्टरांशी बोलतील. ते हो म्हणाले तर नाकात फवारा देतील. मग थोडं थांबून पुन्हा अंगठा ठेवा. हिरवा आला तर जा, नाहीतर नाही."

शलाका उठली. निहारने झटकन तिचा दंड धरला. घट्ट, ती त्याचा धरायची तसाच.

"हिरवा आला," ती म्हणाली, "तर जाऊ देशील मला?"

निहारने दरीकडे पाहिलं, मग आईकडे. तिचा दंड त्याच्या हातात तसाच होता.