त्याच दिवशी, तोंडावर

फळ्यावरच्या दुसऱ्या ओळीवर कोणीतरी चपलेसकट पाय दिला होता.

दोन तास कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात फळा जमिनीवर आडवा टाकून, गुडघ्यांवर बसून मी निळ्या रंगात ती अक्षरं काढली होती. हात धुवायला नळावर गेले, परत आले, तर ओल्या रंगावर हा भला मोठा ठसा. मी ब्रश घेऊन तशीच उभी राहिले. गुन्हेगार सापडला असता तर त्याच ब्रशनं त्याचं तोंड रंगवलं असतं.

तसा तो फळा माझा नव्हताच. कॉलेजात ख्रिश्चन मुलामुलींची एक फेलोशिप होती, दर शुक्रवारी भरायची. तिची प्रमुख क्षमादीदी एम.एस्सी.ला होती. माझं अक्षर बघून तिनं मला गळ घातली, की आमची पाच मूल्यं हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून दे. मी हो म्हणाले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि बाबांच्या ऑफिसच्या फायलींबरोबर आम्हीही भोपाळहून इथल्या तात्यापारा मोहल्ल्यात येऊन पडलो. मैत्रिणी तिकडे, तलाव तिकडे, आणि इथे मी. रायपूरच्या पाण्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांवर माझा राग होता.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून एक उंच मुलगा लंगडत आला. एका पायात चप्पल, दुसरी हातात. हातातलीचा तळ निळा.

"ये मुझसे हुआ है," तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या ब्रशकडे बघून स्वतःशीच पुटपुटला, "आता काही खरं नाही बाप्पा."

"मराठी आहेस तू?"

"हव. यशोधन. बाबा रेल्वेत, मूळचे नागपूरचे. मीही फेलोशिपमधलाच." त्यानं मान खाली घातली. "माफ कर. मी पाहिलंच नाही."

"अन् मी तुले पाहिलं नव्हतं. मग परत आला काहून?"

त्यानं चपलेनंच फळ्याकडे खूण केली. "तूच लिहिलं न. वाच."

मी वाचलं. चूक झाली तर त्याच दिवशी, समोर जाऊन, तोंडावर कबूल करायची. ठसा नेमका त्याच ओळीवर होता. मला हसायचं नव्हतं... पण हसू आलं. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तो ठसा पांढऱ्या रंगानं झाकला. नीट झाकला गेला नाही. ऊन तिरपं पडलं की अजून दिसतो.

मग मी शुक्रवारी जायला लागले. आधी गाण्यांसाठी, असं मी स्वतःला सांगत असे. आईला काळजी वाटली, तिकडे पोरीला काही धर्मबिर्म शिकवतात की काय. मी यशोधनला सरळच विचारलं. त्यानं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. कोणाच्याही श्रद्धेला त्याच्या इच्छेविना हात लावायचा नाही. "तू लिहिते, पण वाचत नाही," तो म्हणाला. गणपतीत आईनं सगळ्यांसाठी मोदक पाठवले, आणि एकट्या यशोधननं सात खाल्ले. आईची काळजी तिथेच अर्धी झाली.

फेलोशिपची एक रीत मला फार आवडायची. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. ज्याला जे हवं असेल ते त्यानं चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, त्यात टाकायचं. शुक्रवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर रोज त्यासाठी मनापासून प्रार्थना करायची, मग चिठ्ठी परत डब्यात. कोणाची आहे हे कळलं तरी बोलायचं नाही. आणि लिहिणाऱ्याला चिठ्ठी परत हवी असेल, तर त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून मागायची.

सप्टेंबरात, अगदी पहिल्याच शुक्रवारी, मीही एक टाकली होती. बाबांचा भोपाळला परत जाण्याचा अर्ज मंजूर व्हावा. माझ्या रोजच्या भुणभुणीला कंटाळून बाबांनी तो अर्ज केला होता. सवयीनं चिठ्ठी मी मराठीत लिहिली. सगळा डबा हिंदीत आणि एकच चिठ्ठी मराठीत, म्हणजे खाली नाव लिहिल्यासारखंच, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढे तर ती चिठ्ठी मी विसरूनच गेले.

विसरायला कारणंही होती. यशोधन मला सायकलवर पुरानी बस्तीच्या गल्ल्या दाखवायचा, प्रत्येक वळणावर "आता रस्ता चुकलो" म्हणायचा, आणि कधीच चुकलेला नसायचा. डिसेंबर लागला तसा तो कागदाच्या पुडीत मीठ लावलेली बोरं आणू लागला. पुडी पुढे करताना माझ्याकडे बघायचा नाही. मी दुसरीकडे पाहिलं की मात्र बघायचा. मला ते कळायचं, कारण मीही तेच करत होते.

आणि मग नाताळच्या आधीच्या आठवड्यात अचानक बोरं बंद झाली. समोर दिसला की वाट बदलायचा. हाक मारली तर "लॅब आहे" म्हणायचा. मी रडकुंडीला आले आणि चिडलेही.

त्यातच गुरुवारी जेवताना बाबा म्हणाले, "गंधाली, सोमवारी यादी लागून राहिली. साहेब म्हणतात, तुमचं भोपाळ जवळपास पक्कं. मी अर्ज तुझ्यासाठी केला होता बाळा. तुझं मन बदललं असंन तर शनिवारी मागे घेता येईल. त्यानंतर नाही."

आठवडाभरापूर्वी विचारलं असतं तर घास खाली ठेवून नाही म्हणाले असते. पण जो मुलगा मला बघून वाट बदलतो त्याच्यासाठी थांबायचं? बाबांना म्हटलं, उद्या सांगते.

शुक्रवारी कागदी चांदण्या टांगलेल्या खोलीत आम्ही वीसेक जण बसलो होतो. गाणी झाली. क्षमादीदीनं नेहमीसारखं विचारलं, किसी को कुछ कहना है? यशोधन उभा राहिला. हातात घडी घातलेली चिठ्ठी होती आणि कान लाल झाले होते. हिंदीत, अडखळत, तो म्हणाला की या आठवड्यात त्याला जी चिठ्ठी आली तिच्यासाठी त्याला प्रार्थना करता आली नाही. रोज बसायचा, डोळे मिटायचा, आणि तोंडातून उलटंच निघायचं... की हे होऊ नये. चिठ्ठीवाल्यानं विश्वासानं टाकली होती. त्याच्याशी आपण बेइमानी केली, माफी असावी.

यशोधननं चिठ्ठी डब्यात ठेवायला हात पुढे केला, आणि कागदातून माझी निळी शाई मला आरपार दिसली. मराठी अक्षरं. माझा तो गोल गरगरीत ळ.

म्हणजे सहा दिवस हा मुलगा मी जाऊ नये म्हणून देवाशी भांडत होता, आणि लाजेनं मला तोंड दाखवत नव्हता.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. "दीदी," मी म्हणाले, "वो पर्ची मेरी है. वापस चाहिए."

क्षमादीदीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग यशोधनकडे. हसू दाबत तिनं त्याच्याकडून चिठ्ठी घेऊन माझ्या हातात दिली. कोणी काही विचारलं नाही, ती त्यांची रीतच होती. पण मागच्या बाकावर गिटार उगाचच एकदा वाजली.

सभा संपल्यावर तो व्हरांड्यात फळ्यापाशी उभा होता. ऊन तिरपं होतं, ठसा दिसत होता.

"सहा दिवस उशीर केला तू," मी म्हणाले. "दुसरी ओळ विसरला?"

"तुले सांगता येत नव्हतं न. चिठ्ठीबद्दल बोलायचं नसते."

"अन् आज?"

"आज नाही राहवलं." तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "गंधाली, आणखी एक कबूल करायचं आहे. ते तर तीन महिन्यांपासून राहून गेलं. याच जागेपासून... तू ब्रश घेऊन उभी होती तेव्हापासून. मले तू आवडते. फार."

किती दिवसांनी तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकले.

"उद्या बाबा अर्ज मागे घेऊन राहिले," मी म्हणाले. "त्यांना अजून माहीत नाही, घरी जाऊन सांगते."

"खरंच? अन् तुझं... तुझं काय?"

"मला मघाशी कळलं. खोलीत, उभी राहिले तेव्हा." मी बोट बरोबर दुसऱ्या ओळीवर ठेवलं. "म्हणून आजच सांगते. समोर येऊन, तोंडावर. मलाही तू आवडतोस."

त्यानं खिशात हात घातला आणि चुरगळलेली पुडी काढली. बोरं सुकून पार सुरकुतली होती. सहा दिवसांची होती.