आईचं उजवं

"हायवेने ये ताई, सरळ नाकासमोर. मधे कुठे वळायचंसुद्धा नाही," धाकटा भाऊ फोनवर सांगत होता. "वाटेत जेवायला चांगलं मिळतं, बाबांसाठी स्वच्छ बाथरूम असतं. तळ्याच्या रस्त्याला हल्ली कुत्रं फिरकत नाही."

"बघते," ती म्हणाली.

तिचं "बघते" म्हणजे "नाही", हे भावाला लहानपणापासून माहीत होतं. त्याने वाद घातला नाही. बाबांच्या गोळ्या विसरू नकोस, एवढं बजावून फोन ठेवला.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. सगळे तिला मास्तरीण म्हणत. पहिल्या दिवशी ती शिकाऊ माणसाला गाडीला हात लावू देत नसे. मोकळ्या मैदानात उभं करायची आणि डावं, उजवं, पुन्हा डावं असं घुमवत राहायची. पोरं पाठीमागे नकला करत, मोठी माणसं ओशाळत, पण तिच्यावर ढिम्म परिणाम होत नसे. माणूस घाबरला की सगळ्यात आधी डावं-उजवं विसरतो, असं तिचं म्हणणं. तिची सात वर्षांची चिमणीसुद्धा बाराखडीच्या आधी डावं-उजवं शिकली होती.

मास्तरणीच्या आईला मात्र ते जन्मभर जमलं नाही. बाई एरवी तल्लख, पण डावीकडे हात करून हमखास "उजवीकडे" म्हणायची. हात बरोबर, तोंड चूक. घरात त्याला "आईचं उजवं" असं नावच पडलं होतं. चमचे आईच्या उजव्या खणात आहेत, म्हणजे डाव्या. गाडीत ती बाबांच्या शेजारी बसून वाट सांगायची. "अहो, उजवीकडे," ती म्हणायची आणि बाबा एक शब्द न बोलता डावीकडे घ्यायचे. इतकी वर्षं तसंच चाललेलं.

एक दिवस सोडून.

त्या दिवशी सकाळीच दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. तळ्याच्या रस्त्यावर एक जुना वजनकाटा आहे. मालाचे ट्रक तोलायचा, आता बंद पडलेला. तिथे रस्ता फुटतो. डावीकडचा तळ्याकाठाने समुद्राकडच्या शहराला जातो आणि उजवीकडचा दगडाच्या खाणीशी संपतो. "अहो, उजवीकडे," आई म्हणाली. बाबांनी गाडी उजवीकडे वळवली.

"थांबवा," आई म्हणाली. "उतरते मी."

बाबांनी थांबवली. आई उतरली. बाबा तिला तिथेच सोडून खाणीपर्यंत गेले, गाडी वळवून परत आले, तर फाट्यावर कोणी नव्हतं. पुढे पाणबुडे तळ्यात उतरले, पोलिसांनी खाण पालथी घातली. आईचं नखसुद्धा सापडलं नाही. मागच्या सीटवर तेव्हा चिमणीएवढी असलेली मास्तरीण होती आणि तिच्या मांडीवर झोपलेला धाकटा.

"ती उजवीकडे म्हणाली, मी उजवीकडे वळलो. माझं काय चुकलं?" बाबांनी हे पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. काना-मात्रेवरून लेखकांना रडवलेला माणूस. "मी शब्दाला जागलो," असंही एकदा म्हणाले आणि त्या दिवसापासून लेकीला त्यांचा वीट आला. मग घरात आईचं नाव निघेनासं झालं. चिमणीला तर आजी कशी दिसायची, कशी बोलायची, याचा पत्ताच नव्हता.

आता बाबांना विस्मरण जडलं होतं. आज नात आठवायची नाही, उद्या चष्मा. समुद्राकडच्या शहरात राहणारा भाऊ म्हणाला, माझ्याकडे पाठव, इथे डॉक्टर चांगले आहेत. मास्तरीण हो म्हणाली. पण त्यांना पोचवण्याआधी तिला त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: मला कळलं होतं. ते त्या फाट्यावरच, त्यांच्या डोक्यातून पुसलं जायच्या आत. रस्ता तिने कधीच ठरवला होता, भावाशी बोलणं नुसता उपचार.

सकाळी निघाले. बाबा पुढे तिच्या शेजारी, चिमणी मागे. हायवे सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे उघडी माती, मधूनच एखादं बंद गोदाम. डॅशबोर्डवर लावलेला फोन वाट सांगत होता. कोऱ्या कपड्यासारखा तो बाईचा आवाज.

पेट्रोल पंपापाशी तो म्हणाला, "उजवीकडे वळा."

पडद्यावरचा बाण डावीकडे होता. पंपही डावीकडेच. मास्तरणीने बाणाचं ऐकलं.

जेवून निघाल्यावर पुन्हा तेच. बाण डावीकडे, आवाज म्हणतोय उजवीकडे.

चिमणी खिदळली. "आई, हिला डावं-उजवं येत नाही! हिला तुझ्या क्लासला घाल."

"बिघडलाय फोन," मास्तरीण म्हणाली. तिने एसी वाढवला.

बाबा बाहेर बघत होते. मधेच त्यांनी आपला डावा हात उचलून डावीकडे केला, मग खाली घेतला.

पुढे रेंज गेली. नकाशा गोठला, पण आवाज थांबेना. "उजवीकडे वळा." इथे कुठे वळायला वाटच नव्हती. "उजवीकडे वळा." मास्तरणीने फोन बंद केला. पडदा काळा झाल्याची खात्री केली. तो बाबांच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा लावला. मग बराच वेळ फक्त टायरांचा आवाज येत राहिला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वजनकाटा दिसला. पत्र्याची टपरी, कुलूप गंजलेलं, आणि तिच्यापुढे फुटलेल्या दोन वाटा. तिने वेग कमी केला. इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य तिने जुळवलं. बाबा, खरं सांगा.

कप्प्यातून आवाज आला.

"अहो, उजवीकडे."

तिने करकचून ब्रेक दाबला. चिमणीचं दप्तर खाली पडलं.

बाबा कप्प्याकडे बघून वैतागले. रोजचं, घरगुती वैतागणं. "कळतंय गं मला. डावीकडे म्हणायचंय तुला."

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. मास्तरणीने हँडब्रेक ओढला.

"बाबा. आईचं उजवं म्हणजे डावं, हे तुम्हाला कळत होतं?"

"न कळायला काय झालं? शेंबड्या पोराला कळत होतं."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी ती सकाळपासून बोलत नव्हती माझ्याशी," बाबा म्हणाले. "आणि बोलली ती हुकूम सोडायला. म्हटलं, होऊ दे फजिती. कायम मीच का समजून घ्यायचं?"

चहात साखर कमी पडली असं सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. एवढ्यासाठी तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं. तोंड नुसतं कडू झालं.

बाबा तिच्याकडे वळून हसले. "गाडी छान चालवता हो तुम्ही, बाई. कोणाच्या तुम्ही?"

सुंभ जळला होता, पीळ तेवढा शिल्लक होता. कबुली मिळाली, पण ती देणारा माणूस गाडीत नव्हताच. आता ती भांडणार कोणाशी?

बाबांनी पट्टा सोडला. "थांबवा. उतरतो मी."

"गाडी थांबलेलीच आहे," ती म्हणाली. "उतरा."

ते उतरले. दार नीट लावलं, टपरीपाशी जाऊन उभे राहिले, पाहुण्यांची वाट बघावी तसे. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

मास्तरणीने गिअर टाकला.

"आई, आजोबा राहिले," चिमणी म्हणाली.

"येऊ आपण. कळू दे जरा त्यांनाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण उजवीकडे वळलोय. खाणीचा रस्ता. तिने थांबवली नाही. अंगात सणक भरली होती आणि खोटं कशाला सांगा, ती तिला बरी वाटत होती. आरशात चिमणी गुडघ्यांवर उलटी बसलेली दिसत होती, मागच्या काचेला नाक लावून.

खाणीच्या तोंडाशी जागा होती. तिने गाडी वळवली.

ती परत आली.

टपरीपाशी कोणी नव्हतं.

कुलूप जसंच्या तसं. दोन्ही वाटा नजर जाईल तिथपर्यंत उघड्या, सपाट. लपायला एक झुडूप नाही. गुडघे दुखणारा म्हातारा एवढ्यात कितीसा चालणार? तिने हाका मारल्या. डावीकडे तळ्यापर्यंत गाडी नेली, परत आणली. पाणी स्थिर होतं.

मदतीला फोन करायला तिने कप्पा उघडला. फोन बंदच होता. चालू केल्यावर कशीबशी रेंज मिळाली.

पोलीस आले तेव्हा अजून उजेड होता. हवालदार वयस्क होता, दमाने विचारत होता. मुळात म्हाताऱ्याला उतरू का दिलंत?

"ते म्हणाले, उतरतो. मी उतरू दिलं," मास्तरीण म्हणाली. "माझं काय..."

पुढचा शब्द तिने गिळला.

हवालदार चिमणीसमोर खाली बसला. "तू बघत होतीस ना बाळ काचेतून? आजोबा कुठे गेले?"

"त्या बाई आल्या ना, त्यांच्याबरोबर."

"कुठल्या बाई?"

"तिथे उभ्या होत्या त्या. त्यांनी हात करून दाखवलं, मग आजोबा त्यांच्याबरोबर गेले." चिमणी अजिबात घाबरलेली नव्हती. "दोघं उजवीकडे गेले."

हवालदाराने खाणीच्या रस्त्याकडे बघून साथीदाराला हाक मारली.

मास्तरीण मात्र लेकीच्या हाताकडे बघत होती. बाराखडीच्या आधी डावं-उजवं शिकलेली तिची पोर पुन्हा, समजावून सांगावं तसं, "उजवीकडे" म्हणाली, आणि तिचा हात सरळ डावीकडे, तळ्याकडे होता.