बर्फयंत्रावरची काळी खोळ

लोर्ना माकी आत आली ती बुटांवरचा बर्फही न झटकता. डाव्या गालावर सुकलेल्या रक्ताचा ओघळ होता.

"कोणी मारलं?" आयरीन कांगासने खुर्ची पुढे सरकवत विचारलं.

"कोणी नाही. ड्वेनला बेड्या घालत होते, मी मध्ये पडले. दाराची कड लागली." लोर्ना खुर्चीच्या टोकाशी बसली. "आयरीनबाई, माझ्या नवऱ्याने आर्वो निएमीला मारलेलं नाही. शेरीफ म्हणतो, पहार ड्वेनची, भांडण ड्वेनचं, प्रेत सापडलं तेही ड्वेनला. आणखी काय पाहिजे? पहार तर आमच्या दारात कायम बाहेरच पडलेली असते."

खिडकीशी बसलेल्या डेल झर्वेने कॉफी पुढे केली. टॅमरॅक खाडी या गावात त्याने तीस वर्षं पत्रं वाटली होती. मागच्या वर्षी नोकरी सुटल्यापासून तो बेकरीवरच्या या खोलीत येऊन बसायचा. आयरीन पूर्वी विमा कंपनीकडे तपासाला होती, आता स्वतःच्या जिवावर तेच काम करायची. डेल तिच्यासाठी दारं ठोठावायचा, कारण गावातली सगळी दारं त्याला ओळखत होती.

"ड्वेनचं नि आर्वोचं पटत नव्हतं हे खरं ना?" आयरीन म्हणाली.

"पटत कसलं! बुधवारीच मारामारी झाली. म्हाताऱ्याचं यंत्र बर्फ उडवतं ते आमच्या दारात पडतं म्हणून. आणि तीन वर्षांपूर्वी तर आर्वोने ह्याचा दातच पाडला. ह्याने यंत्र उसनं आणलं होतं, परत करताना गरम यंत्रावरच खोळ चढवली. खोळ गेली जळून. म्हातारा म्हणाला, सायलेन्सर हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, अर्धा तास! तेव्हापासून आमचा हा स्वतःच्या यंत्राशेजारी खोळ खांद्यावर टाकून पहारेकऱ्यासारखा उभा असतो. मी हसते."

ती आत्ता हसली नाही.

"गुरुवारी सकाळी ड्वेन कुठे होता?"

"घरात. साडेआठपर्यंत. मी कामावर गेलेली. त्याला बघणारं कोणी नाही."

"पहाटेपासून कोणीच बघितलं नाही?"

"नाही." लोर्नाने कॉफी खाली ठेवली. "खोटंच बोलायचं असतं तर कोणीतरी बघितलं, असं तरी सांगितलं असतं ना त्याने!"

*

शेरीफ पेल्टो तोंड वाकडं करून का होईना, पण त्यांना आर्वोच्या शेडमध्ये घेऊन गेला. प्रेत हलवलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

डेलने आयुष्यात एवढं रक्त पाहिलं नव्हतं. जमिनीवर ते गोठून काळं काचेसारखं झालं होतं, आणि लाकडी भिंतीवर छातीएवढ्या उंचीपासून छतापर्यंत उडालं होतं. आर्वोच्या डोक्यावर सात घाव होते. पहिल्या दोन घावांतच जीव गेला असावा, असं डॉक्टर म्हणत होता. उरलेले पाच नुसत्या रागाचे.

"मेला कधी?" आयरीनने विचारलं.

"या थंडीत अंगावरून काही कळत नाही. पण समोरच्या सारीआजीने साडेसातपर्यंत त्याला अंगणात यंत्र चालवताना पाहिलंय. म्हणजे साडेसात ते साडेआठच्या मधे. काम संपवलं, यंत्र झाकलं, आत येऊन डगला काढला, आणि ड्वेन मागून आला."

लाल चौकटींचा जाड डगला दारालगतच्या खिळ्यावर टांगला होता. आयरीनने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला. मागच्या फळ्यांवरही रक्ताचे शिंतोडे होते. डगल्यावर मात्र एकही डाग नव्हता. तिने तो परत सोडला.

"अंगावर काय होतं त्याच्या?"

"नुसता लोकरी स्वेटर."

बाहेर छपराखाली यंत्र उभं होतं. हाताने ढकलत न्यायचं, पुढच्या दातऱ्या पात्याने बर्फ ओढून वरच्या नळकांड्यातून लांब फेकणारं. त्याच्यावर काळी जाड खोळ होती, खालची दोरी घट्ट आवळलेली. आयरीनने गाठ सोडली आणि खोळ उलटी केली. आतल्या बाजूला तळहाताएवढं अस्तर वितळून सुरकुतलं होतं. त्याचा काळा चिकट थर सायलेन्सरलाही लागला होता.

"थंडीत प्लॅस्टिक असं तडकतंच म्हणा," डेल म्हणाला.

आयरीनने सुरकुतलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

*

सारीआजी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. डेलला पाहताच म्हणाली, "अरे डेल, पत्रं बंद झाली तसा तूही बंद झालास! बैस. पॅनकेक खा."

"आजी, गुरुवारचं सांग."

"सांगितलं की त्या पेल्टोला. सातच्या बातम्या लागल्या आणि आर्वोचं यंत्र सुरू झालं. साडेसातला बंद. बर्फ इतका पडत होता, तोंड कुठलं दिसायला! पण तो लाल डगला, डगल्याचीच टोपी डोक्यावर ओढलेली. आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, तर सांगते, त्याने मला हात केला."

"त्यात काय विशेष?" आयरीन म्हणाली.

"विशेष नाही? अगं, त्याची मांजर माझ्या कुत्र्याने मारली त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं! मी पडदा सोडला आणि रडले. म्हटलं, म्हातारा निवळला एकदाचा. आणि तासाभरात हे."

*

आर्वोचा भाचा वेस्ली चर्चमध्ये खुर्च्या मांडत होता. पस्तिशीचा, आडव्या हाडाचा. डोळे सुजलेले.

"घर मला मिळणार हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा विचारा," तो म्हणाला. "गुरुवारी साडेसहापर्यंत घरी झोपलो होतो, एकटा. आठपासून इथे. दहा जणांनी पाहिलंय."

"यंत्राची खोळ कोणी आणली होती?"

तो चमकला. "मी. नाताळात. मामाने भेट उघडली आणि आभार मानायच्या आधी मला अर्धा तास अंगणात उभं केलं. म्हणाला, पहिलं यंत्र गार होतं, मग खोळ चढते. चौदाव्या वर्षापासून ऐकतोय मी ते."

"आणि त्याचा लाल डगला कुठे असायचा?"

"स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, खुंटीला. कायम. का हो?"

"अलीकडे त्याला काही झालं होतं?"

वेस्लीने खुर्ची खाली ठेवली. "सोमवारी हेल्मीमामीच्या अंगावर शेवटी होता तो कोट बाहेर काढला त्याने. दोन वर्षांनी. कोणाला तरी द्यायचा म्हणून. खिशातल्या हातमोज्यात, अगदी आत बोटाशी, नारिंगी काचेचा तुकडा सापडला. मामा तो खिडकीत ठेवून रात्रभर बघत बसला. मी विचारलं तर म्हणाला, एका माणसाला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय."

"कोणाला?"

"ते नाही सांगितलं."

बाहेर आल्यावर डेल पायरीवरच थांबला. हेल्मी निएमी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत दिसेनाशी झाली होती. एप्रिलमध्ये रस्त्याकडेचा बर्फाचा ढीग वितळला तेव्हा त्यातून तिचा हात बाहेर आला. पाय घसरून पडली, वर बर्फ साचला, असं ठरलं होतं. बरगड्या मोडल्या त्या बर्फाच्या भाराने, असंच सगळ्यांनी मानलं.

*

खानावळीत मार्गोने त्यांच्यापुढे मांस भरलेल्या गरम करंज्या ठेवल्या.

"गुरुवारी सकाळी कोण कोण होतं?" आयरीनने विचारलं.

"नेहमीचेच. आणि क्लिफ बुशार. पावणेआठला आला तो नऊपर्यंत हललाच नाही. सगळ्यांना अंडी काय खाऊ घातली, विनोद काय केले! मी म्हटलं, क्लिफ, आधी भुवया तरी पूस. बर्फाचा पुतळाच दिसत होता. गुडघ्यापर्यंत विजार भिजलेली, कॉलरीत बर्फ. टोपी शेगडीवर ठेवली तर खाली तळं झालं. म्हणाला, पहाटेपासून गाडीत बसून बसून कंबर मोडली."

क्लिफ म्हणजे गावचे रस्ते साफ करणारा ठेकेदार. त्याच्या मालवाहू गाडीला पुढे बर्फ ढकलायचा लोखंडी फाळ होता. गाडी आत्ताही समोर उभी होती. डेल करंजी चावत तिच्याकडे पाहत होता.

"टपावरचे दिवे बघितलेस?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "उजवा उन्हाने पार फिका पडलाय. डावा नारिंगी, नव्यासारखा."

आयरीनने काटा खाली ठेवला. "डेल, कधी कधी तू मला फार आवडतोस."

*

शनिवारी अकराला शेरीफने सगळ्यांना आर्वोच्या अंगणात बोलावलं. लोर्ना आली, वेस्ली आला. क्लिफला अंगण साफ करायला बोलावलं होतं. तो फाळ वर उचलून उतरला आणि हसत म्हणाला, "एवढी गर्दी? प्रार्थना आहे का?"

"दोन मिनिटं थांबा," आयरीन म्हणाली. "ड्वेन माकी तुरुंगात आहे, कारण आर्वो साडेसातपर्यंत जिवंत होता असं आपण धरलं. तो जिवंत नव्हता. सातच्या आधीच मेला होता."

"आजीने पाहिलंय त्याला," शेरीफ म्हणाला.

"आजीने डगला पाहिला. तो डगला शेडमध्ये टांगलेला होता, पण त्याच्यामागच्या भिंतीवर रक्त उडालंय आणि डगला कोरा आहे. घाव बसले तेव्हा तो तिथे नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दारातून नंतर आणला, कोणीतरी घातला, यंत्र चालवलं आणि मग खिळ्याला लावला. आर्वो तर नुसत्या स्वेटरवर मेला. कोणीतरी पहाटे हाक मारली म्हणून तो तसाच बाहेर आला होता."

लोर्नाने हात तोंडावर दाबला.

"ज्याने यंत्र चालवलं, त्याने आजीला हात केला. आर्वोने अकरा वर्षं केला नव्हता. मग त्याने खोळ चढवली, कारण आर्वोचं यंत्र कायम झाकलेलं असतं हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यंत्र आधी गार होऊ द्यावं लागतं हे मात्र रस्त्यावरून कळत नाही. अस्तर वितळलं. ड्वेनने याच चुकीपायी दात गमावलाय, तो ती पुन्हा करणार नाही. वेस्ली चौदाव्या वर्षापासून शिकलाय. आणि मुळात हे नाटक कोणाच्या उपयोगाचं? ज्याच्याकडे साडेसातनंतरचे साक्षीदार आहेत त्याच्या. ड्वेनकडे एकही नाही."

"माझ्याकडे आहेत," वेस्ली घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो. पण खोळ गार यंत्रावरच चढवायची असते हे तूच सांगितलंस. डगल्याची खुंटी तूच सांगितलीस. काचेचा तुकडाही तुझ्यामुळेच कळला." ती वळली. "क्लिफ, तू पहाटेपासून गाडीत बसून होतास. गरम काचबंद गाडीत. मग भुवयांवर बर्फ कुठून आला? कॉलरीत? अर्धा तास यंत्रामागे चाललेल्या माणसाच्या तोंडावर तो उडतो. तू गाडीवाला. हाताचं यंत्र तू कधी बाळगलं नाहीस."

क्लिफचं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. "बर्फात बर्फ लागला म्हणून फाशी देता का?"

"तुझा डावा दिवा बदलला तो हेल्मी नाहीशी झाली त्या आठवड्यात. गॅरेजवाल्याला लख्ख आठवतंय. आर्वोने ती काच ओळखली, शुक्रवारची मुदत दिली ती तुलाच. तुझ्या फाळाने तिला उडवलं, ती टपावर आपटून खाली आली. तिथेच ती मेली असती तर काच रस्त्यावर राहिली असती. पण काच तिच्या हातमोज्याच्या आत होती, बोटाशी. ती तिने स्वतः खुपसली, क्लिफ. कोणालातरी सापडावी म्हणून. ती जिवंत होती."

वारा थांबला होता. क्लिफच्या गाडीचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

"उठत होती ती," क्लिफ म्हणाला. कोणाला सांगतोय असं वाटत नव्हतं. "नाव घेत होती माझं. मी फाळ खाली केला आणि ढकललं. ढकलतच गेलो." मग त्याने गाडीच्या मागून लोखंडी फावडं ओढलं.

तो आयरीनवर धावला. डेल मध्ये आला, का आला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. फावड्याची कड त्याच्या खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा घाव शेरीफच्या कपाळावर. शेरीफ गुडघ्यावर आला, डोळ्यांत रक्त. तिसऱ्या घावाआधी वेस्लीने क्लिफला कमरेत धरून गाडीच्या फाळावर आपटलं. एकदा, दोनदा. क्लिफचे दात बर्फावर सांडले. वेस्लीने फावडं उचललं, त्याची धार क्लिफच्या गळ्यावर टेकवली आणि दांड्यावर पाय ठेवला.

"चार महिने होती ती तिथे," तो म्हणाला. "चार महिने!"

कोणी हललं नाही. लोर्ना पुढे झाली. तिने वेस्लीला ओढलं नाही, फावड्याला हात लावला नाही. त्याच्या कानाशी एवढंच म्हणाली, "माझा नवरा आत आहे रे. हा बोलला नाही तर तो सुटणार नाही."

वेस्ली क्लिफच्या तोंडाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पाय दांड्यावरून काढला, बाजूला जाऊन ओकला.

*

क्लिफच्या गाडीतल्या पायपुसण्याखाली आर्वोचं रक्त सापडलं. त्याला जन्मठेप झाली. ड्वेन त्या शनिवारीच संध्याकाळी घरी आला होता. त्याच्याही दोन बरगड्या कोठडीत मोडल्या होत्या. कोणी मोडल्या ते त्याने सांगितलं नाही, आणि शेरीफने विचारलं नाही.

डेलचा हात पाच आठवडे गळ्यात बांधलेला होता. आयरीन रोज सूप घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत बसायची. एका सकाळी तो म्हणाला.

"निएमींची पत्रपेटी रस्त्याच्या टोकाला होती. त्या ढिगाच्या शेजारी."

"हो."

"जानेवारी ते एप्रिल. रविवार सोडून रोज. आर्वो दारात उभा राहून विचारायचा, हेल्मीचं काही पत्र आलं का? त्याला वाटायचं, ती रागावून बहिणीकडे गेली. मी म्हणायचो, येईल, येईल." डेलने सूप बाजूला सारलं. "त्या ढिगाला टेकून मी सिगारेट ओढायचो, आयरीन."

आयरीनने त्याचा धड हात हातात घेतला.