ओळीतली सातवी

शाळेत तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि त्या शनिवारी सकाळी तोफ जाम खुशीत होती. इतिहासाच्या सरांनी जुन्या दफनभूमीत खजिन्याचा शोध ठेवला होता. दहा कोडी, दहा थडगी, आणि प्रत्येक उत्तरात गावाचा एकेक तुकडा: कुठे घड्याळजी, कुठे सुईण, कुठे पूल बांधताना पडलेला गवंडी. जिंकणाऱ्या गटाचा कागद फ्रेम करून वाचनालयात कायमचा लागणार होता. तोफेने आणि तिच्या मैत्रिणीने, म्हणजे चष्मिशने, पाऊण तासात नऊ कोडी उडवलीसुद्धा.

झिजलेले दगड वाचायची युक्ती सरांनीच शिकवली होती. पातळ कागद दगडावर ताणून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची. कोरलेली अक्षरं खोल असतात, तिथे शिसं पोचत नाही. सगळा कागद काळा होतो आणि अक्षरं पांढरी राहतात.

दहावं कोडं अगदीच सोपं निघालं. काडेपेटीच्या कारखान्याला आग लागली तेव्हा किती मुली गेल्या? गेटवरच्या फलकावर अकरा लिहिलं होतं. सरांनी गावावर लिहिलेल्या पुस्तिकेतही अकराच. पण सर नेहमी म्हणायचे, फलकावर विसंबू नका, स्वतः मोजा. म्हणून तोफेने त्या मुलींच्या थडग्यांची ओळ मोजली.

"बारा."

"अकरा," चष्मिश म्हणाली.

"चष्मा पूस."

"पुसला. अकराच."

तोफेचं डोकं सणकलं. तिने खडू काढला आणि प्रत्येक दगडावर ठसठशीत आकडा घातला, एक ते बारा. चष्मिश मागून मोजत आली. "पाच, सहा, आठ... ए, सात खाल्लास तू."

"मग हा काय तुझा काका आहे?" तोफेने सातव्या दगडावर थाडकन हात मारला.

चष्मिशचा चेहरा पांढरा पडला. "तू हवेत हात मारलास," ती हळूच म्हणाली. "मग आवाज कसा आला?"

गवत कापणाऱ्या मावशी पलीकडून बघत होत्या. त्या जवळ आल्या नाहीत. "मला तिथे काही दिसत नाही बाई," त्या म्हणाल्या. "पण विळा अडतो. म्हणून मी वळसा घालते."

खरंच, तिथे गवताचा एक चौकोन कुणी कधी कापलेला नव्हता.

दुसरी एखादी पळाली असती. तोफ चिडली. म्हणजे इथे काहीतरी आहे हे मावशींना माहीत, विळ्यालाही माहीत, आणि फलकावर मात्र अकरा! तिने कागद ताणला आणि पेन्सिल घासायला लागली.

अक्षरं आली, पण पांढऱ्या कागदावर काळी. म्हणजे ती कोरलेली नव्हती, आतून वर आलेली होती.

वय चौदा. दार बाहेरून लावलं होतं.

चौदा म्हणजे नववी, म्हणजे तिच्याच वर्गातली. तोफेची कानशिलं तापली.

सर गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, मग त्याची नीट घडी घातली. "अक्षर छान आहे तुझं."

"सर, हे मी लिहिलेलं नाही!"

"पुस्तिकेसाठी सहा वर्षं कागदपत्रं चाळलीत मी. तो अपघात होता. मुली अकरा होत्या. लबाडी केल्याबद्दल तुमचा गट बाद."

"तुम्हीच म्हणालात ना, स्वतः मोजा?"

"मोजा म्हणालो. वाढवा नाही म्हणालो."

"मग चला ना सर, तुमच्यासमोर काढते! की भीती वाटते?"

मागे वीस मुली जमल्या होत्या, त्यात कुणीतरी खुदकन हसलं. सर उठले.

खडूचे आकडे ओळीने होते. सहा, मग मोकळी जागा, मग आठ. एवढ्या जणींत कुणालाच तिथे दगड दिसत नव्हता, एकट्या तोफेला दिसत होता. सरांनी त्या जागेत उजवा हात सरळ घातला. तोफेने पाहिलं, तो दगडात मनगटापर्यंत गेला. सरांनी पंजा तिच्याकडे करून पसरला.

"बघा. हवा आहे! घाल कागद माझ्या हातावर आणि घास. बघू कोण येतंय ते."

सगळ्या हसल्या. चष्मिश हसली नाही.

तोफेने कागद त्या पंजावर ताणून धरला. तिने पेन्सिल आडवी धरली.

आता बोटं उमटायला हवी होती, तळहाताच्या रेषा उमटायला हव्या होत्या.

पहिलं अक्षर काळं आलं.

हसणं थांबलं.

सरांनी हात ओढायचा प्रयत्न केला. हात निघेना.

"थांब," ते म्हणाले. "बास झालं."

तोफ थांबली नाही. तिने शेवटपर्यंत घासलं.

आम्ही बारा. दार उघडा.

मग हात सुटला. सरांनी तो लगेच मिटला आणि छातीशी धरला. मग त्यांनी डाव्या हाताने तोफेचा उत्तराचा कागद मागितला आणि त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. दहाव्या उत्तरासमोर तिने लिहिलेलं 'बारा' त्यांनी खोडलं नाही.

फ्रेम वाचनालयात लागली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पण पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत सरांनी पुन्हा 'अकरा'च छापलं. ते वाचलं तेव्हा तोफ वर्गातच उभी राहिली.

"सर, हे काय?"

"खाली बस," सर म्हणाले. ते आता डाव्या हाताने फळ्यावर लिहितात. उजवी मूठ त्यांनी त्या शनिवारपासून एकदाही उघडलेली नाही.

वर्ग चिडीचूप झाला होता. म्हणूनच पहिल्या बाकावर तोफेला ते नीट ऐकू आलं. त्या मिटलेल्या मुठीच्या आतून कुणीतरी ठोठावत होतं. आधी एक जण, मग बऱ्याच जणी.

तोफ मोजू लागली.